प्रोफाउंडचा मी सांगितलेला अर्थ

बहारीनला जिदहफ्स गावात आम्ही दोन मराठी बिऱ्हाडं समोरासमोर राहत होतो. मी एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट. समोरचा चिपळूणकडचा, कंत्राटदाराचा ट्रक चालवायचा. त्याला इंग्रजी वाचता येत नसे. व्हिसाचे, रजेचे कागद तो माझ्याकडे आणायचा आणि मला ते फार आवडायचं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. त्याची मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलेना, म्हणून दवाखान्यात तिचे कान तपासले. तो ड्युटीवर होता. वहिनी एकट्याच गेल्या, तिथलं बोलणं त्यांना कळलं नाही. संध्याकाळी दोघं कागद घेऊन आले. त्यावर आलेख होता आणि खाली लिहिलं होतं: उजवा कान, प्रोफाउंड. डावा कान, प्रोफाउंड.

हा शब्द मी साहेबांच्या पत्रांत नेहमी टाइप करायचो. प्रोफाउंड रिस्पेक्ट, प्रोफाउंड ग्रॅटिट्यूड.

"म्हणजे खोल, सखोल," मी ऐटीत सांगितलं. "विद्वानाचं ज्ञान असतं ना, तसं. कान उत्तम आहेत पोरीचे. बोलेल उशिरा."

"पण भावोजी, मागून ताट वाजवलं तरी ती वळत नाय," वहिनी म्हणाल्या.

"खेळण्यात गुंग असेल."

दहा दिवसांनी ऑफिसातल्या डिक्शनरीत दुसराच एक शब्द शोधताना तो दिसला. खोल, सखोल, सगळं होतं. शेवटी लिहिलं होतं: बहिरेपणाबाबत, संपूर्ण. आज सांगायचंच, असं ठरवून घरी आलो, तर वहिनींनी वाटीभर शिरा पाठवलेला. मुलीचे कान चांगले निघाले म्हणून. तो मी खाल्ला. सांगितलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढचे चार महिनेही नाही.

मग वरच्या मजल्यावर वसईची एक नर्स राहायला आली. तिने मुलीच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या, कागद मागून घेतला.

"हिला काहीच ऐकू येत नाही. इथे स्पष्ट लिहिलंय. कुणी वाचला हा?"

मी दारातच उभा होतो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मीच कायतरी उलटं समजलो."

मुलीला कानाचं यंत्र बसवलं आणि पुण्याच्या खास शाळेत घालायचं ठरलं. वहिनी तिला घेऊन निघणार, त्याच्या आदल्या दिवशी मी गेलो. म्हणालो, "मला दहा दिवसांतच कळलं होतं."

वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "चुकलात, त्याचं काय नाय," त्या म्हणाल्या. "पण कळल्यावरही आमच्याकडे येऊन चहा पीत होतात. पोर समोर खेळत होती."

तो भरलेली बॅग बंद करायला झटत होता. म्हणाला, "या बाजूने जरा दाबून धरा."

मी धरली. मुलगी पुढे ओठ वाचून थोडंफार बोलायला शिकली. हे मला त्या नर्सकडून कळलं. त्याने मात्र पुन्हा कुठलाच कागद माझ्याकडे आणला नाही.