ग्रुपवरचा अंगठा

दर शनिवारी चिमीच्या बाई दुसरीच्या ग्रुपवर आठवड्याच्या बातम्या टाकतात. कुणी पाढे म्हटले, सहल कधी, डब्यात काय द्यायचं. मला वाचता येत नाही, म्हणून मी आधी अंगठा टाकतो, मग चिमी वाचून दाखवते.

गंमत बघा. आयुष्यभर अंगठा उठवला म्हणून लोक मला हसले. आता ज्या तलाठ्यानं माझा अंगठा शाईत बुडवला, त्याचं पोरगंही चिमीच्याच वर्गात; तोही ग्रुपवर अंगठाच टाकतो. एवढं शिकून गडी शेवटी माझ्याच रांगेत आला.

काल चिमी वाचता वाचता थांबली. "बाबा, सोमवारी वर्गात गोष्ट सांगायला कोण येणार, असं बाईंनी विचारलंय. तुमचा एकट्याचाच अंगठा आहे."

नेमका तेव्हाच तलाठी कुठं गेला कोण जाणे.

"काढून टाकू का गं?"

"नका ना. कुणाचेच बाबा येत नाहीत."

"पण मला पुस्तकातली एकही गोष्ट येत नाही."

"मग तुमचीच सांगा. पहिल्या दिवशी शाळेच्या खिडकीतून पळालात, ती."

म्हणजे ज्या शाळेतून खिडकीवाटे पळालो, तिथंच आता दारातून जायचं.

"येतो," मी म्हटलं. "फक्त बाईंना सांग, मला खिडकीपासून लांब उभं करा."