नवीन वाटेत आहे

आमच्या मेहरूणच्या गल्लीत लीलाधरभाऊंना सगळे मान देतात, फक्त त्यांच्या शीटचा विषय निघाला की पळ काढतात. भाऊंचा उभा जन्म पाइप कंपनीच्या स्टोअरमध्ये गेला. तिथे साधा नटबोल्टही त्यांच्या सहीशिवाय हलत नसे. निवृत्तीनंतर सही करायला काही उरलं नाही. नेमका तेव्हाच बंगळुरूच्या मुलानं, नवीननं, आईबापांसाठी ऑनलाइन वस्तू मागवण्याचा सपाटा लावला. बीपीचं मशीन आलं, भाकरी गरम ठेवायचा डबा आला, पावलं मोजणारं घड्याळ आलं. नवीन तेवढा आला नाही. दोन दिवाळ्या 'रजा मिळत नाही' यातच गेल्या.

भाऊंनी या आवकेसाठी कॉम्प्युटरवर खास शीट बनवली. पाठवणारा, वस्तू, स्थिती असे रकाने. स्थितीत 'वाटेत' लिहिलं की ओळ आपोआप पिवळी, 'पोहोचलं' लिहिलं की हिरवी. हे रंग जमले त्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावून ते तीनतीनदा दाखवले. चहा एकदाच मिळाला. संध्याकाळी हीच शीट ते मोबाइलवर बायकोला, सुलक्षणावहिनींना, समजावत. रकाना कसा वाढवायचा, कसा लपवायचा. वहिनी मेथी निवडत 'हूं' म्हणायच्या. हिचं लक्षच नसतं, ही भाऊंची कायमची तक्रार.

थंडीतल्या एका सकाळी वहिनी पिशवीभर भरताची वांगी घेऊन बाजारातून आल्या. मी सहज विचारलं, कोण येणार आहे?

"नवीन वाटमा शे," वहिनी म्हणाल्या. "यास्नी शीटमाच लिखेल शे."

भाऊंनी चष्मा लावून मोबाइल पाहिला. पिवळ्या ओळीत खरंच 'नवीन' होतं आणि त्याला लागूनच 'वाटेत'. मधला वस्तूचा रकाना गायब. खरं तर वाटेत होतं ते पाय चेपायचं मशीन. रकाना लपला कसा, हे भाऊंना कळेना. चूक सांगायला ते वहिनींच्या मागोमाग गच्चीवर गेले, तर वहिनी गुणगुणत नवीनची गादी उन्हात झटकत होत्या. भाऊ तसेच खाली आले. मला एरवी त्यांची गंमत वाटते, त्या दिवशी मात्र फार वाईट वाटलं.

माझ्या अंगणात उभं राहून त्यांनी मुलाला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"नवीन, शीटमध्ये तू वाटेत आहेस."

"मी? पप्पा, ते मशीन आहे."

"मला माहीत आहे. तुझ्या आईला नाही. तिनं वांगी आणलीत, गादी उन्हात टाकली. आता मी शीट दुरुस्त करू, की तू निघतोस?"

 तो हळूच म्हणाला, "निघतो."

दुसऱ्या दिवशी नवीन घरी पोहोचला. मशीन अजून भुसावळलाच पडून होतं. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असा बेत होता, आणि मला फार आग्रह करावा लागला नाही. भाऊ मात्र जेवण सोडून मोबाइल घेऊन बसले. 'पोहोचलं' लिहावं तर मशीन आलेलं नाही, न लिहावं तर मुलगा समोर जेवतोय. त्यात तो लपलेला रकाना काही केल्या उघडेना.

वहिनींनी पदराला हात पुसला, मोबाइल ओढून घेतला आणि दोनदा बोट टेकवलं. रकाना जागेवर आला.

भाऊ बघतच राहिले. "तुले येस हाई?"

"रोज तं दखाडतस तुम्हीन," असं म्हणत वहिनींनी भरताचं पातेलं जवळ ओढलं आणि नवीनकडे बघितलं. "मी तो रकाना लपाडती नही, तं हाऊ येता का?"

नवीननं मान खाली घालून ताट पुढे केलं.