फाटलेला कोपरा

आज ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये कोपरा फाटलेलं पाकीट दिसलं आणि माझा हात अडतीस वर्षांपूर्वीसारखाच अडखळला.

तेव्हा दुबईच्या 'बर दुबई' भागातल्या आमच्या ऑफिसात इलियास ड्राफ्ट्समन होता. त्याचं घर बैरुतला, तिकडे यादवी पेटलेली. आईची पत्रं दोन-दोन महिन्यांनी यायची. टपाल आणायचं काम माझं. एकदा तिच्या पाकिटाचा कोपरा फाटलेला दिसला. आमच्या गावाकडे मयताचं कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडायचे. मी ते पाकीट दोन दिवस खिशात वागवलं. तो आमच्याकडून शिकलेल्या हिंदीत विचारायचा, "हबीबी, कुछ आया?" मी खाली बघून नाही म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी राहवेना. पाकीट हातात देऊन सगळं सांगून टाकलं. त्याने पत्र उघडलं. आतून संत्र्याची वाळकी फुलं पडली, टेबलभर मंद वास पसरला. बहिणीला मुलगी झाली होती! डोळे पुसत तो हसला, "पागल, रास्ते में फटा होगा!"

मीही हसलो. पण पुढच्या प्रत्येक पत्राचे कोपरे तो आधी चाचपायचा. युद्ध त्याच्या घरचं होतं. ही भीती मात्र माझ्या गावची, मीच त्याला दिलेली.