धाकट्या जावेची स्प्रिंग आणि माझी चीर

माझ्या हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी डॉक्टरांनी फुग्याने उघडली. उघडताना आत बारीक चीर पडली. रक्त नीट वाहतंय, चीर आपली आपण भरेल, गोळ्या चुकवू नका, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं सांगून त्यांनी मला स्प्रिंग, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, न बसवताच घरी पाठवलं. मला ते पटलं नाही, कारण माझ्या धाकट्या जावेला आदल्या वर्षी स्प्रिंग बसली होती. तेव्हा सगळी भावकी शहाळी घेऊन नाशिकला आली, आणि ती छातीवर हात ठेवून सगळ्यांना स्प्रिंगचं कौतुक सांगत बसली. मला नुसती चीर. जळत होते मी, खोटं कशाला लिहू. तिचा देवीवरही हक्क. दरवर्षी ती सप्तशृंगीच्या पायऱ्या चढायची आणि मी मागे दोन्ही घरांच्या भाकऱ्या थापायचे. देवीनेही तिचीच बाजू धरली, असंच मनात बसलं.

मुलाच्या मागे लागून मी दुसरे डॉक्टर शोधायला लावले. स्प्रिंग बसवायची तारीखही ठरली. त्याआधी ती नीट बसू दे असं देवीकडे मागावं म्हणून गडावर गेले. रोपवेच्या रांगेत शेजारी सुरगाण्याकडची एक बाई होती, द्राक्षबागेत मजुरीला जाणारी. मला दम लागलेला पाहून तिने मला आपल्या गाठोड्यावर बसवलं. का कोण जाणे, तिला मी सगळं सांगितलं, जावेसकट.

ती म्हणाली, "आजी, मणी फुगावा म्हणून आम्ही द्राक्षाच्या खोडाची साल गोल काढतो. महिन्याभरात भरून येती. पण कोणी तिथं परत चाकू लावला ना, तं वेल जाती."

मग हसून म्हणाली, "जावेला हाय म्हणून तुमाला पाहिजे का?"

मला राग आला. खरं बोलली म्हणून आला. वर देवीसमोर उभी राहिले तेव्हा मागायला तोंडच उघडेना. खाली येऊन मुलाला म्हटलं, तारीख मोडून टाक. बाईला खूप शोधलं, गर्दीत दिसली नाही.

सहा महिन्यांनी पहिल्याच डॉक्टरांनी परत तपासलं. चिरेचा मागमूस नव्हता. शरीराची ती रीतच असते, असं ते म्हणाले. असेल. पण मी त्या रीतीच्या आड येणार होते, आणि मला कोणीतरी थांबवलं.

जावेवरची जळजळ पुरती गेलेली नाही. ती शहाळ्याचं नाव काढते तेव्हा अजून टोचतं. पण रोज सकाळी गोळी घेतली की हात जोडते. जे मागायला गडावर गेले होते ते देवीने दिलं नाही, म्हणून तिचे पाय धरते.