पंचफुलाबाईचा लोटा

सिंदी मेघे गावच्या पंचफुलाबाईला त्या मशीनचा राग होता, आणि तो तिनं कधी झाकून ठेवला नाही.

वर्ध्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या सरावखोलीत ती अठरा वर्षं कामाला होती. सकाळी खाटकाकडून बकऱ्याची आतडी आणायची, चोळून धुवायची आणि लाकडी पाटावर टाचण्यांनी ठोकायची. शिकाऊ डॉक्टर ती कापत आणि परत शिवत. शिवून झालं की पंचफुला घरून आणलेला पितळी लोटा उचलून आतड्यात पाणी ओतायची. टाक्यांतून एक थेंब जरी आला तरी म्हणायची, "गळते. उसवा." नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण तिचं पाणी न गळता राहिल्याशिवाय ऑपरेशनला हात लावायला पोरंच कचरत.

२००७ साली डॉक्टर विवेक विभागप्रमुख झाले. शिकाऊ असताना याच पाटावर चारचौघांत त्यांचं तीनदा गळलं होतं. त्यांनी परदेशी मशीन मागवलं. पडद्यावर पोट दिसायचं, खाली धरायला दोन मुठी होत्या. मुठी हलवल्या की पडद्यातल्या कात्र्या हलत, चुकलं की रक्त उडे, शेवटी मार्क पडत. आतड्यांचा वास येतो म्हणून पाट माळ्यावर गेला. सहा महिने मशीन पूस, मग तुझी बदली धुलाईखान्यात, असं पंचफुलेला सांगण्यात आलं. अठरा वर्षं डॉक्टरांचे हात पारखले आणि नशिबी चादरी! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

गजेंद्र नावाचा शिकाऊ डॉक्टर शहाण्णव मार्कांचा पडदा दाखवायला आला.

"पानी कुठं ओतू?" तिनं विचारलं. तो हसत निघून गेला.

पण मशीन बिघडलं ते तिच्या रागानं नाही, शिस्तीनं. पोटात गेलेलं हत्यार औषधाच्या पाण्यानं धुतल्याशिवाय ठेवायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. खोटं का असेना, पोट ते पोटच. एका शनिवारी तिनं मुठी जिथून आत जात, त्या भोकांतून तांब्याभर औषधाचं पाणी ओतलं. सोमवारी पडदा काळा. मुद्दाम केलं, असं सगळे म्हणाले. मुद्दाम करायचं असतं तर तिनं तोंडावर सांगून केलं असतं.

दुरुस्तीवाला दीड महिन्यानं येणार होता आणि परीक्षा पंधरा दिवसांवर होती. विवेक स्वतः तिच्याकडे आले.

"पंचफुलाबाई, उद्यापासून आतडी आणा."

"आनीन. पन पहिलं तुमी शिवसान. पोरायसमोर."

विवेकचा चेहरा उतरला, पण गरज त्यांची होती. दुसऱ्या दिवशी बारा पोरांदेखत ते पाटावर बसले. पंचफुला मनातून वाट पाहत होती, आज चौथ्यांदा गळू दे. तिनं लोटा उचलला, आतडं फुगेपर्यंत पाणी ओतलं. टाके कोरडेच राहिले.

"कोनापाशी शिकले?"

"तुमच्यापाशीच," विवेक खाली मान घालून म्हणाले. "तीनदा उसवायला लावलं होतं ना."

पंचफुलेचा संताप दुप्पट झाला. शिवता न येणाऱ्या माणसानं पाट फेकला असता तर तिनं माफ केलं असतं. याला येत होतं, कशानं आलं तेही ठाऊक होतं, आणि तरी यानं तो माळ्यावर टाकला.

"मंग या पोरायच्या वाट्याले काऊन येऊ देल्लं नाई?" ती म्हणाली.

परीक्षा झाली, मशीन दुरुस्त झालं आणि त्याच आठवड्यात बदलीचा कागद आला. खाली सही विवेकची. पंचफुला लोटा घेऊन धुलाईखान्यात गेली. महिन्याभरानं शिपाई हेमराज तिथं आला. साहेबांनी लोटा मागितलाय म्हणाला, पोरांचं काहीतरी तपासायचंय.

तिनं हातातली चादर पिळली.

"लोटा माह्या घरचा हाये," ती म्हणाली. "साहेबाले सांगजो, कुठून गळते थे मशीनले इचारा."