आईचे दात

भर चौकात आईला खाली बसवलं आणि मालकांनी दगडानं तिचे पुढचे सगळे दात पाडले. मालकांच्या बायकोनं मागून तिचे केस धरले होते. मला दोघांनी दाबून ठेवलं होतं. मी तेव्हा बारावीत होते. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

मालकांचा नातू तापानं गेला होता. देवरुषी म्हणाला, पारूनं करणी केली. पारू म्हणजे माझी आई, त्यांच्याच गोठ्यातलं शेण काढणारी. दात पाडले की करणीवालीचा मंत्र लागत नाही, असं मोहोळकडच्या आमच्या गावात मानतात. केवढे ते शहाणे! पोराला दवाखान्यात उशिरा नेलं त्यांनी, आणि तोंड फुटलं माझ्या आईचं.

पोलिसांत गेलो. अख्खं गाव एका सुरात म्हणालं, "म्हातारी पायरीवरनं पडली." चाळिशीची बाई, एका दिवसात म्हातारी झाली. तक्रार तिथंच मिटली.

आम्ही सोलापूरजवळ कुंभारीला आलो. मी नर्स झाले. आई मात्र दर आठवड्याला मोहोळच्या बाजाराला जायची. मालक दिसले की समोर उभी राहायची, बोळकं पसरून हसायची आणि ओठ हलवायची. आवाज नाही. मालकांना दरदरून घाम फुटायचा.

"काय पुटपुटतीस गं आय?"

"काय न्हाय की. नुसते व्हट हलवते."

जन्मभर मान खाली घालून राबलेली माझी आई! मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

आधी मालकांचं जेवण सुटलं, मग झोप. डॉक्टरांना काही सापडेना. गेल्या महिन्यात त्यांची बायको साडी-नारळ घेऊन आमच्या दारात आली. आईचे पाय धरले तिनं.

"पारू, उतरव गं. तू नसतीस तवा बी त्यास्नी पुटपुट ऐकू येती. भिंतीतनं."

मी आईकडं पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. ओठ हलत होते. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

करणी-बिरणी थोतांड आहे, हे मला पक्कं ठाऊक. तेवढं सांगितलं असतं तर कदाचित तो माणूस दोन घास जेवला असता. नाही सांगितलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

"चौकीत चला," मी म्हणाले. "दगड कुनी मारला, केस कुनी धरले, लिवून द्या. मग बघू."

"आमची अब्रू जाईल की गं पोरी."

"मग मालकास्नी जाऊ द्या."

ती रडत गेली. साडी मी तिच्यामागं रस्त्यावर फेकली.

चौकीत ती अजून गेलेली नाही. मालक आता बाजाराला येत नाहीत, खाटेवरच असतात म्हणे. म्हणून येत्या रविवारी आम्ही दोघी त्यांच्या दारात जाणार आहोत. खिडकीसमोर उभ्या राहणार. आई ओठ हलवेल. तिच्या शेजारी मीही हलवणार. ते खरं लिहून देईपर्यंत, दर रविवारी.