यानाले घातलेला हार

मंडळी, आज पोरीसमोर माही फजिती झाली. हसा पाहिजे तर, पन शेवटपर्यंत वाचा.

माही सायली इंजिनिअर हाय. अंतराळातल्या नोकरीच्या परीक्षा देऊन देऊन तिची वयाची मर्यादा संपली. सोमवारपासून ती चांदूर बाजारले मोबाईलच्या दुकानात कामाले जानार हाय. अमरावतीच्या एका संग्रहालयात चाचणीचं जुनं अंतराळयान ठेवलं हाय. मनात आलं, सोमवारच्या आधी तिले ते दाखवून आनू.

आमची वलगावले झेंडूची शेती. नवीन ट्रॅक्टर आला का आपन पहिले हार घालतो. तसाच घरचा हार मी नेला अन् दोरी ओलांडून यानाले घातला.

चौकीदार म्हने, "काका, काढा तो हार. हे काही नवीन नाही, निवृत्त झालं."

मी म्हनलं, "मंग निवृत्त मानसालेही हार घालतेतच ना?"

सायली हळूच बोलली, "बाबा, हे अंतराळात गेलंच नाही. पॅराशूट उघडते का नाही ते पाहासाठी याले विमानातून खाली टाकलं. वर जानारं यान दुसरंच असते."

मी हार काढला. तिनं यानावर जरासा हात ठेवला, अन् "चला" म्हनली.

घरी आल्यावर अभ्यासाच्या पुस्तकाचं खोकं तिनं रद्दीवाल्यासाठी बाहेर आनून ठेवलं. हार अजून गाडीच्या हँडलले लटकून हाय.

मले एवढंच सांगा, ज्याच्या वाट्याले नुसतं पडनंच आलं, त्याले आपन हार कोन्या दिवशी घालावा?